गाडी भंगारात घालायच्या आधी: वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात जुन्या गाड्या भंगारात काढायच्या सरकारी योजनेवर, म्हणजे स्क्रॅप पॉलिसीवर चार ओळी लिहिल्या आणि तेव्हापासून पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळीकडून हाच विषय चाललाय. निम्म्या लोकांचा प्रश्न एकच, पंधरा वर्षं झाली की गाडी द्यावीच लागते का. त्याचं उत्तर इथंच देऊन टाकतो, खाजगी गाडी असेल, आपल्या एमएच 09 पासिंगची असेल, तर नाही. रिपासिंग करायचं, म्हणजे आरटीओत गाडी दाखवून रजिस्ट्रेशन वाढवून घ्यायचं, पाच वर्षं चालवायची, परत रिपासिंग. बाकीचे प्रश्न खाली घेतलेत, नावं मुद्दाम गाळलीत कारण दोन-तीन घरांत यावरनं भांडणं चालू आहेत असं पत्रांवरनंच दिसतंय.

प्रश्न (राजारामपुरी): साहेब, पोरानं एक व्हिडिओ पाठवलाय. चांगली चालती गाडी उभी आहे, एक माणूस इंजिनात काहीतरी पांढरट ओततो, मग दुसरा आत बसून ॲक्सिलरेटर दाबून धरतो आणि थोड्या वेळात इंजिन खडखडून कायमचं बंद. पोरगा म्हणतो अमेरिकेत सरकारनंच असं करायला लावलं आणि त्यात लई किमतीच्या गाड्या मेल्या. हे खरं का फेकाफेकी? आणि आपल्याकडं पण असंच होणार का?

उत्तर: खरं आहे ओ, फेकाफेकी नाही. 2009 ची गोष्ट आहे. मंदी आलेली, तिकडच्या गाड्यांच्या कंपन्या गाळात गेलेल्या, म्हणून सरकारनं योजना काढली की जुनी, पेट्रोल पिणारी गाडी द्या आणि नवीन घेताना 3500 किंवा 4500 डॉलरची सूट घ्या. कागदावर नाव 'कार्स' असं होतं, लोक म्हणायचे 'कॅश फॉर क्लंकर्स', म्हणजे खटाऱ्याला रोकडा. आधी 1 अब्ज डॉलर ठेवले, ते जुलैच्या शेवटी बघता बघता संपत आले म्हणून आणखी 2 अब्ज घातले आणि 24 ऑगस्टला दुकान बंद. तेवढ्यात पावणेसात लाखांच्या वर गाड्या आत गेल्या. अट काय तर मायलेज गॅलनला 18 मैल किंवा त्याहून कमी, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साडेसात किलोमीटरच्या आसपास, आणि गाडी वर्षभर तुमच्या नावावर पाहिजे, चालती पाहिजे. चालती पाहिजे हे लक्षात ठेवा. मेलेली गाडी चालतच नव्हती, जिवंतच पाहिजे होती मारायला.

आता ते पांढरट म्हणजे काय, तर सोडियम सिलिकेट. आपल्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, सीओटू मोल्डिंगला वाळू बांधायला जे सिलिकेट वापरतात तेच हे. तिकडं डीलरला सांगितलं होतं की इंजिनातलं ऑइल पूर्ण काढा, त्या जागी साधारण दोन लिटर सिलिकेटचं पाणी ओता आणि इंजिन 2000 आरपीएमला धरून ठेवा. गरम झालं की पाणी उडून जातं, सिलिकेटची काच होते, ती बेअरिंगमध्ये अडकते आणि इंजिन जाम. एकदा जाम झालं की उद्यमनगरातला कितीही हाताचा पक्का मेस्त्री आणा, खोलून धुवून ते परत उभं करणं परवडत नाही. कायद्याचा हेतू पण तोच होता, की डीलरनं मागच्या दारानं गाडी परत विकू नये. त्यानंतर 180 दिवसांत गाडी चेपून किंवा तुकडे करून संपवायची.

किमती गाड्यांचं म्हणाल तर योजनेत आलेल्या गाड्यांची सरकारी यादी बाहेर आली तेव्हा गाडीवेड्या लोकांनी कपाळाला हात लावला. त्यात मासेराटी बायटर्बो, 1997 ची ॲस्टन मार्टिन डीबी7 वोलांते, बेंटली काँटिनेंटल आर अशी नावं दिसतात. आता ही यादी भरली डीलरकडच्या क्लार्कनी, घाईत, त्यामुळं एखाद्या ओळीत चुकीचं मॉडेल पडलेलं असू शकतं, प्रत्येक ओळीवर मी तरी शपथ घेणार नाही. पण माझं मत विचाराल तर खरं नुकसान त्या दोन-चार चकचकीत नावांत नाहीच. सगळ्यात जास्त आल्या त्या फोर्ड एक्सप्लोरर, आणि वरच्या दहात जीप चेरोकी पण आहे. ती चौकोनी चेरोकी आज तिकडं लोक शोधत फिरतात. तेव्हा ती 'जुनी जीप' होती एवढंच. कुणी वाईट हेतूनं मारली नाही, फॉर्मवर फक्त वर्ष, मायलेज आणि गाडी कुणाच्या नावावर एवढेच रकाने होते, 'ही गाडी ठेवण्यासारखी आहे का' असा रकानाच नव्हता. साखर कारखान्याच्या काट्यावर ऊस जातो तसं, तिथं वजन बघतात, कुणाच्या रानातला आणि काय जातीचा ते कोण विचारतंय.

एक गोष्ट मात्र अमेरिकेनं शहाणपणाची केली. गाड्यांचे सुटे भाग आणि ॲक्सेसरी बनवणाऱ्यांच्या संघटनेनं रेटा लावला म्हणून 25 वर्षांवरच्या गाड्या योजनेतनं बाहेर ठेवल्या, त्यामुळं खऱ्या अँटिक गाड्या वाचल्या. ब्रिटननं ते पण केलं नाही. त्यांची योजना 2009 च्या मे महिन्यात सुरू झाली, मार्च 2010 पर्यंत चालली, 2000 पौंड मिळायचे, निम्मे सरकारचे आणि निम्मे कंपनीचे. गाडी दहा वर्षांच्या वर पाहिजे एवढीच वयाची अट. वर कितीही चालेल! मग काय, 1960 च्या आसपासची मॉरिस मायनर पण बसते आणि 1998 ची डबडा हॅचबॅक पण बसते, दोघींना भाव सेम. जवळजवळ 3 लाख 92 हजार गाड्या गेल्या, त्यात मॉरिस मायनर होत्या, जुन्या मिनी होत्या. वाईट ह्याचं वाटतं की त्यांच्याकडं एमओटी म्हणून वर्षाला तपासणी असते, ती पास झालेलीच गाडी योजनेत चालायची. म्हणजे ब्रेक, लाइट, चेसिस सगळं धड आहे असा कागद जोडून गाडी चेपायला पाठवायची. आणि एकदा डीलरनं योजनेत घेतली की दुसऱ्या कुणाला तीच गाडी जास्त पैसे देऊन घेऊ म्हटलं तरी नियमात बसत नव्हतं.

आपल्याकडं तसंच होणार का? तंतोतंत नाही. आपली योजना खाजगी गाडीला ऐच्छिक आहे, 13 ऑगस्ट 2021 ला जाहीर झाली, सिलिकेट बिलिकेट काही ओतत नाहीत. आपल्याकडं चेसिस नंबरचा तुकडा कापतात आणि तो स्क्रॅप सेंटरनं सहा महिने जपून ठेवायचा असतो. पण तो तुकडा कापला की गाडी कागदावर मेलीच, मग पश्चात्ताप करून उपयोग नाही. आणि तो 'ठेवण्यासारखी आहे का' हा रकाना आपल्याकडच्या फॉर्मवर पण नाहीये.

प्रश्न (कागल): आमच्या आजोबांची 1968 ची महिंद्रा जीप गोठ्याच्या मागं छपरात उभी आहे. चुलत्यांचं म्हणणं स्क्रॅपला घालू, सर्टिफिकेट मिळतं आणि नवीन गाडीच्या टॅक्समध्ये सूट मिळते. माझं मन होत नाही. ती व्हिंटेज धरतात का आणि स्क्रॅपला घातली तर नक्की किती मिळतात?

उत्तर: दादा, आधी हिशेब करू म्हणजे चुलत्यांशी बोलायला सोपं जाईल. पॉलिसी जाहीर करताना सरकारनं जे गणित मांडलं त्यात भंगाराची किंमत नवीन गाडीच्या एक्स शोरूम किमतीच्या 4 ते 6 टक्के धरलेली आहे. समजा आजच्या भावानं तशी गाडी 10 लाखाची धरली तर 40 ते 60 हजार. प्रत्यक्षात सेंटरवाला लोखंडाच्या वजनावर येतो. टॅक्समधली सूट केंद्राच्या नियमात खाजगी गाडीला जास्तीत जास्त 25 टक्के आहे, पण ती गाडीच्या किमतीवर नाही, रोड टॅक्सवर आहे, आणि 25 ही वरची मर्यादा, राज्य देईल तेवढीच मिळते. लोक ऐकतात 'पंचवीस टक्के सूट' आणि डोळ्यासमोर येते शोरूमची किंमत. शोरूमवाला ते खोडून काढत नाही, त्याला काय पडलंय. वर कंपन्यांनी 5 टक्के डिस्काउंट द्यावा अशी सरकारची फक्त सूचना आहे, सक्ती नाही, आणि नवीन गाडीची रजिस्ट्रेशन फी माफ होते. सगळं धरून बघा आणि मग ती जीप जशी आहे तशी, छपरातली, जीपवाल्या पोरांना दाखवा, ते काय भाव करतात ते. आपल्या भागात जीपचं वेड काय आहे हे कागलकराला मी काय सांगायचं.

आता व्हिंटेजचं. जुलै 2021 ला केंद्रानं मोटार वाहन नियमात भर घातली, त्याप्रमाणं पहिल्या रजिस्ट्रेशनपासून 50 वर्षांच्या वरची दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची वयानं बसते. नवीन नोंदणीची फी 20,000, दहा वर्षं चालते, नंतर नूतनीकरणाला 5,000. नंबरमध्ये 'व्हीए' अशी अक्षरं येतात, पण गाडीचं आधीचं रजिस्ट्रेशन चालू असेल तर जुना नंबर ठेवता येतो. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठी छेडछाड नको. इथं तुमचं अडू शकतं. आपल्या भागात डिझेल स्वस्त म्हणून किती जीपांचं पेट्रोल इंजिन काढून मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलेलं आहे याला सुमार नाही, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी ते बुकावर चढवलेलंच नाही.

म्हणून पहिलं काम हे करा. रॉकेल किंवा डिझेलमध्ये फडकं बुडवून चेसिसवरचा नंबर जिथं ठोकलाय ती जागा पुसून काढा, गंज धरला असेल तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं, ग्राइंडर अजिबात लावू नका, नंबरच जायचा. मग त्यावर कागद धरून पेन्सिल घासा, विम्यावाले चेसिस प्रिंट घेतात तसं. इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर पण तसाच काढा आणि दोन्ही टीसी बुकाशी, म्हणजे गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या बुकाशी ताडून बघा. दोन्ही जुळले तर तुमच्या छपरात भंगार नाही, ठेवा आहे. इंजिन जुळलं नाही तरी घाबरू नका, मूळ इंजिन गावात कुठंतरी पंपावर नाहीतर गुऱ्हाळावर पडलेलं असतं, चुलत्यांनाच विचारा, त्यांना नक्की माहिती असणार.

तोटा पण सांगतो, नाहीतर नंतर मला शिव्या घालाल. व्हिंटेज नोंदणी झाली की ती रोजची गाडी राहत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, तिथं जाऊन यायला, असं ठरलेल्या कामालाच रस्त्यावर काढता येते. धंद्याला तर बिलकूल नाही. शेतात आणि बाजाराला फिरवायची असेल तर साध्या रिपासिंगवरच ठेवा. आणि चुलत्यांना दसऱ्याला घेऊन जा की दसरा चौकात, कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार आली की पब्लिक कशी मान लांब करून बघतंय ते दाखवा. ती पण एके काळी कुणाच्या तरी दृष्टीनं जुनी गाडीच होती.

प्रश्न (गडहिंग्लज): माझ्याकडं राजदूत 350 आहे, 1985 ची. धूर लई सोडते म्हणून बायको म्हणते घालवा. आत्ताच्या एक्सचेंज मेळाव्यात एकानं हजारात भाव केला. ही व्हिंटेजमध्ये बसते का?

उत्तर: बसत नाही, आणि हीच सगळ्यात मोठी गोची आहे. पन्नास वर्षं व्हायला 2035 उजाडायला पाहिजे. आपल्या कायद्यात पंधरा वर्षांपर्यंत गाडी नवी, पन्नासनंतर गाडी वारसा, आणि मधली पस्तीस वर्षं ती कुणाचीच नाही. नेमक्या ह्याच पस्तीस वर्षांत आपल्या पिढीच्या सगळ्या गाड्या येतात बघा. तुमची राजदूत 350, काँटेसा, पहिली टाटा सिएरा, 118 एनई, जुनी जिप्सी, 1983 च्या डिसेंबरात आलेली ती पहिली मारुती 800. अमेरिकेत 25 वर्षांची रेघ होती म्हणून 1984 च्या आतल्या वाचल्या आणि अलीकडच्या मेल्या, आपल्याकडं पण तेच वय धोक्यात आहे. मारुतीची तर पहिल्या नंबरची गाडीच मालक वारल्यावर दिल्लीत ऊनपावसात गंजत पडली होती, पुढं कंपनीनं ती नीट करून आपल्या मुख्य ऑफिसात ठेवली. ती पहिली होती म्हणून ओळखली गेली ओ. सातशेव्या नंबरची असती तर कोण विचारतंय.

तुम्ही एवढंच करा, रिपासिंग चुकवू नका. बुक चालू असेल तर गाडी गाडी असते, बुक मेलं की तीच वस्तू किलोवर जाते. फी वाढलीय हे मान्य, एप्रिल 2022 ला दुचाकीची 300 ची 1,000 केली आणि कारची 600 ची 5,000, आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांच्या वरच्यांना ती डबल, म्हणजे दुचाकीला 2,000 आणि कारला 10,000. वर ग्रीन टॅक्स वेगळा. तरी पाच वर्षांनी एकदा आहे. राजदूत 350 बंद होऊन तीस वर्षं उलटली, यामाहाच्या लायसनवर एस्कॉर्ट्सनं काढलेली, तेव्हा मायलेजच्या नावानं लोक लांब पळायचे आणि आता अख्खी गाडी सोडा, नुसते सायलेन्सर मिळायचे वांधे आहेत. हजारात भाव करणाऱ्याला ती काय आहे हे माहिती नाही असं तुम्हाला वाटतंय का? मला नाही वाटत. धुराचं म्हणाल तर टू स्ट्रोक आहे, थोडा सोडणारच, पण निळे ढग निघत असतील तर ऑइल पंपाचं सेटिंग बघून घ्या, क्रँकचे सील बघा. वहिनींचं चुकत नाही, दारात धूर कोण सहन करणार.

प्रश्न (इचलकरंजी): दिल्लीत मर्सिडीज मातीमोल भावात मिळतात म्हणे. आणून इथं पासिंग करता येते का?

उत्तर: येते, पण घाईनं नको. दिल्ली आणि आसपासच्या भागात डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षं हा नियम हरित लवादाच्या आदेशातनं आला, 2018 ला सुप्रीम कोर्टानं कायम केला. तो तिकडचा प्रदूषणाचा नियम, कोल्हापूरला लागू नाही, तरी इथले एजंट तोच सांगून लोकांना घाबरवतात. 1 जुलै 2025 पासून तर तिथं अशा गाड्यांना पंपावर तेलच द्यायचं नाही असं सुरू केलं, ओरड झाल्यावर काही दिवसांत थांबवलं, पण तेवढ्यात किती जणांनी धडधाकट गाड्या पडत्या भावात फुंकून टाकल्या. तुम्हाला घ्यायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला आधी हातात, नंतर पैसे. इथला टॅक्स भरावा लागतो तो वेगळा धरा. आणि जुन्या मर्सिडीजचं एअर सस्पेन्शन गेलं की गाडी स्वस्त का होती ते कळतं.

प्रश्न (शाहूपुरी): दोन वर्षांपूर्वी शोरूमला जुनी कार दिली आणि नवीन घेतली. सेल्समन म्हणाला 'स्क्रॅप बोनस' मिळाला, गाडी स्क्रॅपला जाणार. आता परवा मेव्हण्यानं तीच गाडी, तोच नंबर, जयसिंगपूरला चालताना बघितली. काय करायचं?

उत्तर: ताई, पहिल्यांदा घरातली फाइल काढा आणि बघा की 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' नावाचा कागद आहे का. गाडी खरोखर नोंदणीकृत स्क्रॅप सेंटरला गेली असती तर तो निघालाच असता, आणि गाडी तोडल्यावर दुसरा, स्क्रॅपिंगचा दाखला. यातलं काहीच नसेल तर तुमची गाडी एक्सचेंजला गेली, स्क्रॅपला नाही. बोनसला नाव काय पण देतात, बिलावर काय लिहिलंय ते बघा.

असले प्रकार आपल्याकडंच होतात असं पण नाही. जर्मनीनं 2009 ला अशीच योजना काढली होती, नऊ वर्षांवरची गाडी द्या आणि 2500 युरो घ्या, आधी दीड अब्ज युरोची होती ती वाढवत 5 अब्जांवर नेली, वीस लाखांच्या आसपास गाड्या गेल्या. तिथं अमेरिकेसारखं इंजिन मारायची पद्धत नव्हती, कागद भंगारवाल्यानं भरायचा. मग तिथल्या पोलिस तपास अधिकाऱ्यांच्या संघटनेनंच सांगितलं की पन्नास हजारांपर्यंत गाड्या भंगारात न जाता आफ्रिकेत आणि पूर्व युरोपात विकल्या गेल्या असाव्यात. शिस्तीच्या जर्मनीत ही कथा, मग आपलं काय घेऊन बसलाय. मला तर कधी कधी वाटतं त्या पळवलेल्यांत एखादी चांगली गाडी असेल तर तेवढी तरी जगली. असो, हे तुमच्या उपयोगाचं नाही.

तुमच्या उपयोगाचं असं, की एम परिवहन ॲपवर नंबर टाका आणि मालक कोण दाखवतंय ते बघा. अजून तुमचंच नाव असेल तर काम गंभीर आहे. 2018 ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट म्हटलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी चार हात फिरली असली तरी ॲक्सिडेंटची भरपाई त्याच्याकडनंच. चलन तर तुमच्या मोबाइलवर येणारच. शोरूमला लेखी पत्र द्या, पोच घ्या, त्यात गाडी दिल्याची तारीख आणि डिलिव्हरी नोट जोडा, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेतल्या होत्या का ते विचारा, आरटीओला त्याची प्रत द्या. ऐकत नसतील तर ग्राहक आयोग आहे. फोनवर भांडत बसू नका, फोनची पोच मिळत नाही.

प्रश्न (कळंबा): नेहमीच्या भंगारवाल्याला गाडी दिली तर सर्टिफिकेट मिळतं का?

उत्तर: नाही. फक्त सरकारमान्य स्क्रॅप सेंटर. भंगारवाला रोख देईल, पण तुमचं नाव रेकॉर्डवर तसंच राहील, वरचं उत्तर वाचा.

प्रश्न (कसबा बावडा): मी एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होतो, आता रिटायर आहे. आमच्या ऑफिसच्या आवारात दोन ॲम्बेसेडर आणि एक जीप उभी होती, मी स्वतः वीस वर्षं त्यातली एक चालवली. आता सगळ्या स्क्रॅपला काढल्या असं कळलं. एक तरी ठेवता आली नसती का? आता कुणाकडं अर्ज करायचा?

उत्तर: काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. खाजगी गाडीला पंधरा वर्षांची सक्ती नाही असं मी वर सारखं लिहितोय, पण सरकारी गाडीला ती आहे. 1 एप्रिल 2023 पासून केंद्र, राज्य, नगरपालिका, एसटीसारखी महामंडळं, यांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचं रजिस्ट्रेशन रद्द धरलं जातं, रिपासिंग होतच नाही. सूट फक्त लष्कर, कायदा सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास गाड्यांना. बाकी गाड्या नोंदणीकृत सेंटरला देऊन तोडायच्या. म्हणजे आपल्या देशात चुकून चांगली गाडी भंगारात जायचा सगळ्यात मोठा दरवाजा कुठला असेल तर तो कुणाच्या घरचा नाही, सरकारी आवाराचा आहे. घरात निदान भांडायला एक नातू असतो, आवारात उभ्या गाडीला कोण असतंय? फाइलवर ती 'निर्लेखित वाहन', म्हणजे वापरातनं काढून टाकलेली गाडी, लॉटमध्ये नंबर पडतो, चार टायर आणि एक सांगाडा.

आणि ॲम्बेसेडर तर 2014 लाच बनायची बंद झाली. एसटीच्या जुन्या लाल डब्याचं तेच, खाली पत्रा वाजणारी, खिडकीला आडवे गज, पंधरा वर्षांनी सगळ्या सारख्याच जाणार. जिल्ह्यात एक जीप, एक ॲम्बेसेडर, एक जुनी एसटी रजिस्ट्रेशन काढून टाकून नुसती बघायला ठेवली तर प्रदूषण काय होणार आहे, ती चालणारच नाही. नियम रस्त्यावर धावायला बंदी घालतो, बघायला नाही. पण त्यासाठी कुणीतरी लॉट जायच्या आधी कागद हलवायला पाहिजे.

म्हणून तुम्ही असं करा. आधी खात्यात जाऊन विचारा की गाड्या नुसत्या निर्लेखित झाल्यात का उचलूनही नेल्यात, दोन्हींत फरक आहे आणि मधे बऱ्याचदा महिने जातात. अजून आवारात असतील तर त्याच दिवशी खातेप्रमुखांना आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला अर्ज द्या, एक गाडी न चालवता प्रदर्शनासाठी राखून ठेवावी म्हणून, गाडीचा नंबर, वर्ष आणि तुम्ही किती वर्षं चालवली ते लिहा, सोबत जुना फोटो असेल तर जोडा. आयटीआय आणि इंजिनीअरिंग कॉलेजांना पण विचारा, त्यांना पोरांना शिकवायला जुनं इंजिन आणि गिअरबॉक्स लागतंच, त्यांच्या लेटरहेडवर मागणी गेली तर अर्जाला वजन येतं. गाड्या सेंटरला पोचल्या असतील तर मात्र चेसिस कापला का एवढंच विचारायचं. नसेल कापला तर खात्याकडनंच सेंटरला पत्र जायला पाहिजे, तुमच्या शब्दावर ते थांबणार नाहीत. अर्जाची एक प्रत आमच्याकडं पाठवा, पुढच्या अंकात छापू, आणि बाकी तालुक्यांतल्या कुठल्या आवारात अजून काय उभं आहे हे वाचकांनी नंबर आणि फोटोसकट कळवावं.